'औषध' नव्हे, विष म्हणा

मा. संपादक,
स. न.

कपाशीवर मावा-तुडतुडे दिसू लागले की आमच्याकडे घरोघरी 'औषध' येते. आम्ही कास्तकार फवारणीच्या विषाला औषधच म्हणतो आणि औषधासारखेच ते घरात ठेवतो. कुणाच्या देवळीत, कुणाच्या खाटेखाली, कुणाच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर तिखट-मिठाच्या डब्यांमागे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी बाटलीचे झाकण फुटले, म्हणून उरलेले औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले होते. माझ्या चार वर्षांच्या नातवाने ती बाटली उचलली. सुनेचे लक्ष गेले, तिने झडप घालून हिसकावली. झाकण घट्ट होते म्हणून पोर वाचले. पण तो प्यायला असता, तर डॉक्टरांना आम्ही काय सांगितले असते? बाटलीवर ना नाव, ना विष किती जहाल ते सांगणारा लाल किंवा पिवळा त्रिकोण. विषाच्या प्रकारानुसार उतारा बदलतो. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकावर अॅट्रोपिन देतात, पॅराक्वाट या तणनाशकावर तर उताराच नाही. म्हणून विष मूळ बाटलीतच राहिले पाहिजे आणि सोबतची घडीची चिठ्ठीही जपली पाहिजे. दवाखान्यात जाताना ती बाटली बरोबर न्यायची असते, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितले नव्हते.

रिकामा डबाही तितकाच घातक. बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत जुलै २०१३ मध्ये पोषण आहार खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाचे तेल मोनोक्रोटोफॉसच्या डब्यात ठेवलेले होते. आमच्याकडे अशाच डब्यांतून बाया शेतात प्यायचे पाणी नेताना मी पाहिल्या आहेत. डबा कितीही धुतला तरी तो घरात वापरायचा नाही. भोके पाडून निकामीच करायचा.

२०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून मास्क आणि हातमोज्यांबद्दल पुष्कळ सांगतात, ते योग्यच आहे. पण फवारणी संपल्यावर बाटली रात्री कुठे राहते, हे आमच्या गावात येऊन कुणी विचारलेले नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत विष वेगळ्या खोलीत किंवा कुलुपाच्या कपाटात ठेवायला सांगितले आहे. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणायची? शेतात ठेवले तर चोरीची भीती. शिवाय लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून माणूस तीच घेतो आणि निम्मे औषध पुढच्या हंगामापर्यंत घरात पडून राहते. कर्जाच्या, भांडणाच्या एखाद्या वाईट रात्री तीच बाटली हाताशी असते. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही.

आम्ही आता गुरांच्या कोठ्याच्या बाहेरच्या भिंतीला, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, जुनी पत्र्याची पेटी ठोकली आहे. तिथे ऊन-पाऊस लागत नाही, जवळ ना चारा ना बियाणे. कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला. पेटी जुनीच होती, कोंड्या-कुलपाचा तेवढा खर्च आला.

माझी कृषी विभागाला विनंती आहे की फवारणीच्या मास्क-हातमोज्यांच्या किटबरोबर अशी एक कुलुपाची पेटीही द्यावी. कृषी केंद्रवाल्यांनी एकरांचा हिशेब विचारून लागेल तेवढ्याच मापाची बाटली द्यावी आणि रिकामी बाटली परत घ्यावी. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पहिली फवारणी पडायच्या आत हे व्हावे.

आपली,
एक शेतकरी आजी, जि. यवतमाळ