डिपरवरही डोळे दिपतात: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये झेनॉनचे किट बसवण्याला आळा घालण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या कारच्या हेडलाइटमध्ये झेनॉनचे, म्हणजे दुकानदार ज्याला एचआयडी म्हणतात ते, किट बसवून घेतले. कामानिमित्त मला रात्री दिंडोरीहून नाशिकला परतावे लागते, द्राक्षांच्या हंगामात तर मध्यरात्र उलटते, आणि मूळच्या हॅलोजन बल्बच्या पिवळट उजेडात रस्त्याची कडसुद्धा दिसेनाशी झाली होती. दुकानात अर्ध्या तासात बॅलास्ट, म्हणजे झेनॉनच्या नळीला वीज पुरवणारा डबा, जोडून मिळाला, "काही प्रॉब्लेम येत नाही" असे आश्वासनही मिळाले, आणि पहिले काही दिवस मी खूश होतो.

मग चैत्रातल्या एका रात्री समोरून येणारा ट्रॅक्टर जागीच थांबला. मी डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावरच होतो. चालक डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खाली उतरला आणि म्हणाला, "भाऊ, माझ्या म्होरं गडावर जाणारी माणसं चालत्यात, तुमच्या लाइटीत मला ती दिसंनात." सप्तशृंगगडाकडे निघालेल्या त्या पायी यात्रेकरूंमध्ये दोन लहान मुले होती. घरी आल्यावर मी गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर सात-आठ मीटरवर उभी करून डिपर लावला. पूर्वी त्या भिंतीवर उजेडाची कापल्यासारखी रेघ उमटत असे आणि तिच्या वर अंधार असे. आता रेघ नव्हतीच. उजेड शेजाऱ्यांच्या पहिल्या मजल्यावरील खिडकीपर्यंत पसरला होता. दुसऱ्याच दिवशी मी ते किट काढून टाकले.

हा दोष झेनॉनचा नाही. १९९१ पासून मोटार कंपन्या तो कारखान्यातच बसवत आल्या आहेत. मात्र तिथे त्यासाठी स्वतंत्र रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा आरसा) किंवा प्रोजेक्टर (भिंगाचा दिवा) असतो आणि गाडीत मागे वजन वाढले तरी झोत वर जाऊ नये यासाठी तो आपोआप खाली आणणारी यंत्रणाही असते. आपल्याकडील बहुसंख्य जुन्या गाड्यांतला एच-४ बल्ब वेगळ्या रचनेचा आहे. त्याच्या डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते, आणि वर जाऊ शकणारा उजेड तीच अडवते. झेनॉनच्या नळीत फिलामेंट नसतेच. दोन टोकांमधल्या वायूत ठिणगी पेटते, तिचा आकार आणि जागा निराळी असते. त्यामुळे फिलामेंटसाठी आखलेला रिफ्लेक्टर तो उजेड वाटेल तिकडे फेकतो. वर हा उजेड हॅलोजनच्या डिपरच्या दुपटीहून अधिक असतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्हींची तरतूद आहे. म्हणजे कायदा आहे. पण खासगी कार पहिल्या नोंदणीनंतर पंधरा वर्षे फिटनेस तपासणीला जातच नाही, आणि भर रस्त्यात रात्री झोत मोजणे पोलिसांना शक्य नसते. पीयूसीसाठी मात्र तीच गाडी दरवर्षी केंद्रात येते. त्याच वेळी तिचा डिपर भिंतीवर आखलेल्या रेघेसमोर तपासण्याची व्यवस्था करावी, अशी माझी पहिली विनंती आहे. त्याला खर्च जवळपास नाही. सपाट जागा, भिंत आणि रंगाचा डबा एवढ्यावर ते होते.

दुसरी विनंती विक्रीबाबत आहे. त्याच कलम १८२-अ मध्ये सदोष सुरक्षा-भाग विकणाऱ्याला प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड सांगितला आहे. ही किट त्याच्या कक्षेत निःसंदिग्धपणे यावीत यासाठी राज्याने केंद्राकडे पाठपुरावा करावा. आज केवळ मालक पकडला जातो, आणि त्याला तर आपण गुन्हा करत आहोत हे दुकानात कुणी सांगितलेलेही नसते.

लोक हौसेखातरच हे करतात असे कृपया समजू नये. माझी गरज खरी होती. किट काढल्यावर मेकॅनिकने हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश केली, रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून बॅटरीतून जाड वायर आणली आणि झोत नीट बसवला. बल्बपर्यंतचे व्होल्टेज दहा टक्के घटले तरी उजेड सुमारे तीस टक्के घटतो, हे मला तोवर माहीत नव्हते. आता त्याच हॅलोजनमध्ये कड दिसते. परिवहन कार्यालयांनी ही माहिती मराठीत गॅरेजपर्यंत पोहोचवावी.

२०२७ मधील सिंहस्थाच्या पर्वण्या ऐन पावसाळ्यात आहेत. ओल्या रस्त्यावर उजेड आणखी पसरतो, आणि त्या काळात त्र्यंबक रस्त्यावर रात्रभर माणसे पायी चालणार आहेत. पीयूसी केंद्रांवरील रेघ त्यापूर्वी, निदान नाशिक जिल्ह्यापुरती तरी, आखून व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
नाशिकमधील एक वाहनचालक