कॅम्पिंग पार्टीचं टिपण देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मुलांसाठी कॅम्पिंगच्या थीमची पार्टी ठरली की बहुतेक घरांत आधी तंबूचं कापड आणि दिव्यांच्या माळा शोधल्या जातात. तुम्ही आम्हाला दिलेल्या टिपणाची सुरुवातच वेगळी होती: 'आधी कोण काय खात नाही ते लिहा.' मुलांच्या पार्ट्यांची तयारी करणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे त्या टिपणाबद्दलचं आभाराचं पत्र. तुम्ही हातचं काही न राखता सगळं लिहून दिलंत. ते आणखी लोकांच्या उपयोगी पडावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत आणि त्यातला बराचसा तपशीलही इथे देतो आहोत.

न खाण्याच्या यादीत शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी आणि गहू येतात, हे पुष्कळांना ठाऊक असतं. जिलेटिन मात्र हमखास विसरलं जातं. बहुतेक मार्शमेलोंमध्ये (साखरेच्या मऊ, फुगीर गोळ्यांमध्ये) जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. त्यामुळे शाकाहारी मुलांसाठी वेगळं पाकीट लागतं आणि ते भाजायच्या काड्याही वेगळ्या लागतात, हे तुम्ही अधोरेखित केलंत. त्याच्याच खाली वयाची ओळ होती: चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न, अख्खे दाणे आणि अख्खा मार्शमेलो द्यायचा नाही, द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. गोल आणि मऊ पदार्थ लहान श्वासनलिकेत बुचासारखा घट्ट बसतो, हे कारणही तुम्ही लिहिलंत. कारण कळलं की आई-बाबा वाद घालत नाहीत, म्हणून त्या एका वाक्याचे वेगळे आभार.

आता स्मोर्स. दोन बिस्किटांमध्ये चॉकलेट आणि भाजलेला मार्शमेलो, एवढाच हा प्रकार. १९२७ साली अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या पुस्तकात त्याची कृती छापून आली होती आणि तेव्हापासून शेकोटी म्हटली की हा खाऊ येतोच. बारा मुलांना प्रत्येकी दोन, या हिशेबाने ४८ बिस्किटं, सुमारे ३०० ग्रॅम चॉकलेट आणि ३० मार्शमेलो लागतात. वरचे सहा पडझडीसाठी. चॉकलेटची जाड वडी नको, पातळ पट्टी हवी. जाड वडी मार्शमेलोच्या उष्णतेने पुरती मऊ होत नाही, मग मूल जोर लावून चावतं आणि बिस्किटाचा चुरा अंगावर पडतो. चॉकलेट फ्रिजमधून थेट काढलेलंही नको.

शेकोटी पेटवणं शक्य नसेल तर ओव्हन. ट्रेमध्ये बिस्किट, त्यावर चॉकलेट, त्यावर अर्धा कापलेला मार्शमेलो, कापलेली बाजू खाली. अख्खा ठेवला तर फुगताना कलंडतो. २०० अंश सेल्सिअसला तीन ते पाच मिनिटं पुरतात, पण दारापासून हलायचं नाही, कारण साखर सोनेरी होण्यात आणि जळण्यात काही सेकंदांचंच अंतर असतं. मायक्रोवेव्हमध्ये दहा-बारा सेकंदांच्या वर जायचं नाही. मार्शमेलोत हवा कोंडलेली असते. ती तापली की तो फुग्यासारखा दुप्पट होतो, बाहेर काढला की खाली बसतो आणि गार झाल्यावर चिवट होतो. म्हणूनच स्मोर्स आधी करून ठेवता येत नाहीत. चार-चार मुलांच्या तुकड्या करा आणि बाकीच्यांना तेवढा वेळ दुसऱ्या खेळात गुंतवा, ही तुमची सूचना साधी दिसते, पण पार्टीतली अर्धी रडारड तिनेच टळते. वरचं बिस्किट लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं. वितळलेली साखर कातडीला चिकटून बसते, त्यामुळे तिचा चटका खोलवर जातो.

ज्या मुलांना हात चिकट झालेले अजिबात सहन होत नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही कोनाची युक्ती दिलीत. आइस्क्रीमच्या वॉफल कोनात केळ्याचे काप, चॉकलेटचे तुकडे आणि बारीक कापलेले मार्शमेलो भरायचे, कोन फॉइलमध्ये गुंडाळायचा आणि १८० अंशांना सहा ते आठ मिनिटं ठेवायचा. मूल स्वतः भरतं, फॉइलवर नाव लिहिलं की अदलाबदल होत नाही आणि काही गळत नाही. आमच्या मते सहा वर्षांखालच्या मुलांसाठी स्मोर्सपेक्षा हाच प्रकार सरस आहे. फॉइल मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, हे मात्र मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावं लागतं.

ट्रेल मिक्सच्या, म्हणजे दाणे, बेदाणे आणि कुरकुरीत खाऊच्या कोरड्या मिश्रणाच्या बाबतीत तुमचा आग्रह होता की आदल्या रात्री कालवून ठेवायचं नाही. बेदाण्यातला ओलावा रात्रभरात खाऱ्या प्रेटझेलमध्ये आणि कुरकुरीत सीरिअलमध्ये उतरतो आणि सकाळी सगळं सादळलेलं असतं. वेगवेगळ्या वाडग्यांत ठेवायचं, प्रत्येकात एक चमचा, आणि मुलांनी आपापल्या कागदी पिशवीत भरून घ्यायचं. माणशी अर्धी वाटी पुरते. चॉकलेट घालायचंच असेल तर वर साखरेचं कवच असलेल्या गोळ्या घ्यायच्या. उघडे तुकडे गरम हातांत वितळून सगळ्या मिश्रणाला माखतात. दाणे नको असतील तर त्यांच्या जागी भोपळ्याच्या बिया.

पोट भरायला तंबूसारखी सँडविच पुरेशी होतात: तिरकी कापून, लांब बाजूवर उभी केलेली. ब्रेडला आतून कडेपर्यंत लोणी लावलं नाही तर काकडी-टोमॅटोचं पाणी मुरतं आणि तंबू बसतो. ही गोडाच्या आधी वाढायची. नंतर कोणी हात लावत नाही.

तंबूचं माप तर आम्ही जसंच्या तसं वापरतो. १८० सेंटिमीटरच्या पाच काठ्या जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवायच्या, वरच्या टोकापासून २५ सेंटिमीटरवर दोरी त्यांच्यातून नागमोडी गुंफायची आणि मग काठ्या उभ्या करून पसरायच्या. नुसते वेढे दिले तर पसरताना काठ्या घसरतात. तळाचा घेर साधारण १२० सेंटिमीटर रुंद ठेवला तर आत तीन लहान मुलं बसतात. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात, म्हणून सगळ्या पायांभोवती खालून एक दोरी फिरवून प्रत्येक काठीला बांधायची. वर सुती चादरच हवी. प्लास्टिकच्या कापडाखाली हवा कोंडते. दाराची फट एवढी मोठी ठेवायची की दोन मुलं एकदम बाहेर पडू शकतील.

खोट्या शेकोटीसाठी पुठ्ठ्याच्या नळ्यांची लाकडं, लाल-नारिंगी पतंगी कागदाच्या ज्वाळा आणि आत एलईडीची माळ, बस्स. मेणबत्ती तंबूच्या आसपासही नको. पण एलईडीलाही धोका आहे, आणि तो तुम्ही लिहिला नसता तर फार थोड्या जणांच्या लक्षात आला असता. छोट्या दिव्यांत नाण्यासारखे चपटे सेल असतात. असा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलेच दिवे घ्यायचे, नाहीतर पेन्सिल सेलवर चालणारे. पार्टीनंतर दिवे मोजून ठेवायचे. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. कंदिलाचा मंद उजेड हवा असेल तर टॉर्च उभा ठेवून त्यावर पाण्याची पारदर्शक बाटली ठेवायची. पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले की सगळी बाटली उजळते.

उघड्यावर खरी शेकोटी करायची असेल तर ती ४५ मिनिटं आधी पेटवायची, कारण मार्शमेलो निखाऱ्यांवर भाजतो. ज्वाळेवर वरून काळा होतो आणि आत थंडच राहतो. काड्या किमान ७५ सेंटिमीटर लांबीच्या हव्यात आणि अनोळखी झाडाच्या तोडायच्या नाहीत. कण्हेरीसारखी झाडं विषारी असतात. दोन-तीन मुलांमागे एक मोठं माणूस, जवळ पाण्याची बादली, केस बांधलेले, कपडे सुती. मार्शमेलोने पेट घेतला तर काडी झटकायची नाही, फुंकर मारायची. झटकली की जळती साखर शेजारच्या मुलावर उडते. हे मुलांकडून रिकाम्या काडीने आधी करवून घ्या, असं तुम्ही सुचवलंत. तोंडी सूचना मुलं घाबरल्यावर विसरतात, हाताला लागलेली सवय विसरत नाहीत. त्या सूचनेबद्दल कितीही आभार मानले तरी कमीच.

एक विनंती. जिलेटिनऐवजी अगार-अगार (समुद्री शेवाळापासून मिळणारा, गोठवणारा शाकाहारी पदार्थ) घालून घरी मार्शमेलो करण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. अगारचा गोळा घट्ट बसतो, पण जिलेटिनसारखा ताणत नाही, त्यामुळे भाजताना त्याचं तंत्र वेगळं असणार. त्याचं प्रमाण आणि काडीवर तो टिकवायची रीत सवडीने लिहून पाठवाल का? शाकाहारी मुलांची पाकिटं आम्हाला दर वेळी शोधावी लागतात.

आपले कृतज्ञ,
मुलांच्या पार्ट्यांची तयारी करणारे आम्ही सगळे