दिनविशेषात पुण्यतिथ्याच का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या ‘दिनविशेष’ सदरात रॉक संगीताचीही दखल घेतली जाते, हे चांगलंच आहे. पण नोंदी पाहाव्यात तर बहुतेक मृत्यूच्या. 16 ऑगस्टला एल्व्हिस प्रेस्ली गेला (1977), 8 डिसेंबरला जॉन लेननची हत्या झाली (1980), 3 फेब्रुवारीला बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर विमान अपघातात गेले (1959). त्या विमानात खरं तर चौघे होते. 21 वर्षांचा वैमानिक रॉजर पीटरसन नोंदीतून कायम गळतो, हे जाता जाता.

या मंडळींची आठवण ज्या कामासाठी काढायची, त्या कामाच्या तारखा कुठे आहेत?

5 जुलै 1954 घ्या. मेम्फिसच्या सन स्टुडिओत 19 वर्षांचा एल्व्हिस संथ गाणी गाऊन थकला होता, मनासारखं काही जमत नव्हतं. जरा थांबले असताना त्याने आर्थर क्रूडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ हे ब्लूज गाणं मजेमजेत भलत्याच वेगात सुरू केलं. बिल ब्लॅकने डबल बासवर आणि स्कॉटी मूरने गिटारवर साथ धरली. ड्रम नव्हताच, ठेका होता तो बासच्या तारांवर पडणाऱ्या थापांचा. पलीकडच्या खोलीतून स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सने हे काय चाललंय म्हणून विचारलं आणि तेच पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं. हाच एल्व्हिसच्या पहिल्या रेकॉर्डचा जन्म. क्रूडपला मात्र हक्काची रॉयल्टी जिवंतपणी धड मिळाली नाही. तेही त्या नोंदीत यायला हवं.

फिलिप्सच्या याच जागेत मार्च 1951 मध्ये ‘रॉकेट 88’ ध्वनिमुद्रित झालं. गिटारचा अॅम्प्लिफायर वाटेतच बिघडला होता. स्पीकरच्या फाटक्या शंकूत कागद कोंबून वेळ मारून नेली, तर आवाज असा खरखरीत आला की तोच ठेवला. बँड आइक टर्नरचा, रेकॉर्डवर नाव गायक जॅकी ब्रेन्स्टनचं. काहींच्या मते रॉक अँड रोलची पहिली रेकॉर्ड हीच. हा वाद मिटणार नाही, मिटूही नये.

जागेची अडचण मी समजू शकतो. मृत्यूच्या नोंदींतलं ‘जगभरच्या चाहत्यांवर शोककळा पसरली’ हे ठरावीक वाक्य काढलं, तर तेवढ्यात 5 जुलै सहज बसेल.

आपला,
एक नियमित वाचक