गेमसाठी चिप घेताना वेग नव्हे, रॅम विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा इंजिनिअरिंगच्या प्रकल्पासाठी हातात मावणारा गेम घरीच बनवावा, असे इंदुरातल्या पुष्कळ मुलांना वाटते. जेल रोडवर खरेदीला गेल्यावर मात्र पहिला प्रश्न असतो, ‘किती मेगाहर्ट्झ?’ विचारायला हवे ते रॅम, म्हणजे चिपची तात्पुरती मेमरी, किती आहे आणि ती चिप बसवलेला बोर्ड लिथियम बॅटरीवर नीट चालतो का.

३२० बाय २४० च्या रंगीत पडद्यावर दर ठिपक्याला २ बाइट धरले, तर एका चित्राला रॅममधले १,५३,६०० बाइट, म्हणजे १५० केबी (किलोबाइट) लागतात. अर्डुइनो ऊनो या बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपची एकूण रॅम २ केबी. १२८ बाय ६४ चा छोटा एकरंगी ओलेड पडदा जोडला तरी त्यातली निम्मी चित्रातच जाते. सापाचा खेळ त्यावर छान होतो. रंगीत पडदा हवा असेल तर तिथे पैसे घालू नयेत.

पहिल्या गेमसाठी आमची शिफारस रास्पबेरी पाय पिको या बोर्डाची. २०२१ मध्ये तो आला तेव्हा किंमत होती ४ डॉलर. त्यातल्या आरपी२०४० चिपमध्ये २६४ केबी रॅम आहे, म्हणजे एक पूर्ण चित्र मावून खेळासाठी शंभरावर केबी उरते. एक चित्र पडद्यावर जात असताना दुसरे तयार करायचे, तर ३०० केबी लागतील आणि ते मावणार नाहीत. अशा वेळी २५६ रंगांवर भागवावे, दर ठिपक्याला १ बाइट पुरतो. नाहीतर ५२० केबीचा पिको २ घ्यावा. एसपीआय, म्हणजे चिपकडून पडद्याला चित्र पोचवणारी जोडणी, ४० मेगाहर्ट्झवर चालवली तरी पूर्ण चित्र पाठवायला सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३२ चित्रे. चिप वेगवान घेतल्याने हा आकडा वाढत नाही. बदललेला भागच पाठवणे, हाच खरा उपाय. पडद्याच्या तारा लांब असतील तर या वेगाला चित्र बिघडते. त्या बोटभर ठेवाव्यात.

ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा वेग २४० मेगाहर्ट्झ आणि रॅम ५२० केबी, म्हणून तो मोह घालतो. पण ही रॅम तुकड्यांत विभागलेली असल्याने सलग १५० केबी सहसा मिळत नाही. पीएसरॅम, म्हणजे वेगळी जादा रॅम, असलेले मॉड्यूल घ्यावे लागते. तिच्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप (बटण दाबलेले नसताना पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) नाही, तिथे बटण लावायचे तर बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर हवा. चालू होताना १२ नंबरची पिन हाय, म्हणजे व्होल्टेज असलेली, राहिली, तर बहुतेक बोर्ड सुरूच होत नाहीत.

सर्वांत जास्त प्रकल्प अडतात ते वीजपुरवठ्यावर. ईएसपी३२ च्या अनेक स्वस्त बोर्डांवर व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो. त्याला ३.३ व्होल्ट देण्यासाठी साधारण ४.४ व्होल्ट आत यावे लागतात, आणि लिथियम सेल पूर्ण भरला तरी ४.२ च देतो. वायफाय सुरू होताच बोर्ड रीसेट होतो आणि मुले प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. पिकोची व्हीसिस (VSYS) ही वीज आत घेणारी पिन १.८ ते ५.५ व्होल्ट घेते. मात्र सेल आणि व्हीसिस यांच्यामध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा शॉटकी डायोड हवाच. तो नसेल तर यूएसबी जोडताच तिकडचे व्होल्टेज थेट सेलमध्ये शिरते, आणि ते धोक्याचे आहे. सेल चार्ज करणारे टीपी४०५६ मॉड्यूल सहसा १ अँपिअर करंटवर लावलेले येते. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला तो जास्त होतो, म्हणून मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावावा, म्हणजे करंट सुमारे २५० मिलिअँपिअरवर येतो.

शाळांना आणि शिबिरे घेणाऱ्यांना विनंती, की साहित्याच्या यादीत ‘मायक्रोकंट्रोलर बोर्ड, १ नग’ एवढेच छापू नये. चिपचे नाव, सेलची क्षमता आणि पडद्याचा कंट्रोलर (पडदा चालवणारी चिप) आयएलआय९३४१ आहे की एसटी७७८९, हे लिहावे. कंट्रोलर वेगळा निघाला तर प्रोग्राम बरोबर असूनही पडदा कोराच राहू शकतो.

– इलेक्ट्रॉनिक्सचे काही शिक्षक, इंदूर