व्याज नको, वाटा घे

पुणे, ३ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या गाळ्यासाठी तू तीन लाख देऊ केलेस, तेही मी न मागता. हे मी विसरणार नाही. ‘वर्षाला दहा टक्के दे, बास,’ म्हणालास. पण ते पैसे मला तसे घेता येणार नाहीत. आम्हा मुसलमानांत व्याज घेणं हराम, म्हणजे धर्माने मना, तसंच देणंही. तुला परकं समजतो म्हणून नव्हे, हे आधी सांगतो.

त्यापेक्षा भागीदारीत ये. माझे सहा लाख, तुझे तीन. राबणार मी, म्हणून नफ्यातला चौथा हिस्सा तुझा. तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा तुझ्या अंगावर. मी बुडालो तरी तुझे दहा टक्के ठरलेले, अशाने आपण समोरासमोर उभे राहतो. मला तू शेजारी हवा आहेस. वर्षाअखेर दुकानातला माल आणि रोकड मोजून अडीच टक्के जकात, म्हणजे आमच्या धर्मातलं गरिबांसाठीचं सक्तीचं दान, निघते, ती मी माझ्या हिश्श्यातून देईन.

पैसे घालण्याआधी माझा धंदा कसा चालतो तेही ऐक. गेल्या महिन्यात मार्केट यार्डातल्या गोदामाचा पत्रा गळला आणि तूरडाळीची अकरा पोती भिजली. वरून कोरडी ठणठणीत. कोपरापर्यंत हात घातला तर आत गार, बोटांना चिकटणारी डाळ आणि आंबूस वास. हमाल म्हणाला, ‘शेठ, वाळवून चांगल्या मालात मिसळू, कुणाला कळतंय?’ अब्बा सांगायचे ती हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची आठवण, आठवली. पैगंबर साहेबांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसानं भिजलं. ते म्हणाले, मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो आमच्यातला नाही. मी पोती वेगळी काढली, भिजलेला माल म्हणून सांगून पशुखाद्यासाठी दिली. छत्तीस हजारांचा फटका बसला. तू भागीदार असतास तर तुलाही बसला असता. नीट विचार कर, वहिनींशी बोल.

आणि कागद करू. मित्रांत कसला कागद, असं म्हणू नकोस. कुराणातली सगळ्यात लांब आयत, म्हणजे वचन, सूरह बकरा या अध्यायातली २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार घ्या, असं त्यात सांगितलंय.

पटलं तर रविवारी घरी ये. मसुदा तयार ठेवतो. साक्षीदार दोन लागतील. एक सही तुझ्या अण्णांची झाली तर मला फार बरं वाटेल. विचारशील त्यांना?

तुझाच