तुझ्या त्या प्लेटबद्दल

मनू,

काल फोन तू कट केलास की रेंज गेली ते मला अजून कळलेलं नाही, पण "आई, तुमची ब्लड बँक आणि माझं काम यात खूप फरक आहे" हे मात्र नीट ऐकू आलं. फरक आहे, मान्य. मी हिपॅटायटिस बी नि एचआयव्हीच्या एलायझा, म्हणजे रंगावरून वाचायच्या चाचण्या, लावायचे, तू त्याच पद्धतीने उंदराच्या सिरममधलं आयएल-६ हे सूजेचं प्रोटीन मोजतेस. पण शेवटी पिवळा रंग तोच, तो वाचायचा ४५० नॅनोमीटरचा उजेड तोच, म्हणून लिहितेय, फोनवर तू पूर्ण ऐकून घेत नाहीस.

तू पाठवलेला एक्सेलचा फोटो मी रात्री मोठा करकरून बघितला, बाबा झोप झोप म्हणत होते तरी. ती ९६ छोट्या खळग्यांची प्लेट फुकट गेली असं मला अजिबात वाटत नाही. ब्लँक, म्हणजे सॅम्पल नसलेला खळगा, ०.०६ म्हणजे वॉशिंग छान झालंय, स्टँडर्डच्या, म्हणजे आधीच माहीत असलेल्या प्रमाणांच्या, जोड्या एकमेकींना धरून आहेत, हे सगळं तुझ्याच हातचं आहे ना, मग जमत नाही जमत नाही काय लावलंयस? गोंधळ फक्त इन्फेक्शनवाल्या गटात आहे. ३.४, ३.६, ३.५, औषध दिलेले न दिलेले सगळे एकाच उंचीवर, आणि तू म्हणतेस औषधाने फरकच पडला नाही. अगं, पडला की नाही हे ही प्लेट सांगूच शकत नाही! ओडी म्हणजे रंग किती उजेड अडवतो तो आकडा, १ म्हणजे दहावा हिस्सा उजेड पलीकडे पोचतो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. एवढ्याशा उजेडात ३.४ काय नि ३.६ काय. शिवाय तुझा सगळ्यात वरचा स्टँडर्ड २.६ ला थांबलाय, त्याच्या वरचा आकडा सॉफ्टवेअरने दिला तरी तो स्टँडर्डवरून काढलेला कर्व्ह पुढे ओढून केलेला अंदाज आहे, तो थीसिसमध्ये घालू नकोस. सॅम्पल किटच्याच डायल्युएंटमध्ये दहापट आणि पन्नासपट पातळ कर, जे कर्व्हच्या मधल्या भागात बसेल ते धर, आणि मग जितकेपट पातळ केलंस तितक्याने आकडा गुणून घे. अॅलिकॉट, म्हणजे सॅम्पलचे वेगळे गोठवलेले छोटे वाटे, शिल्लक असतील तर नवीन काढ, तेच तेच वितळवू नकोस.

आणि हे दिवसा कर. रात्री एकला प्लेट वाचून सूस रोडने स्कूटीवर यायची काही गरज नाही. हे लिहिणार नव्हते, राहवलं नाही.

दुसरं ते एच ११ आणि एच १२ हे शेजारशेजारचे वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे. एकच सॅम्पल, एकात १.३८ आणि शेजारी ०.९१, आणि तू सहज म्हणालीस की कमीवाला मास्क करून, म्हणजे हिशेबातून वगळून, टाकते. का गं? कमीच का? एच १२ तर कोपऱ्यातला वेल. ९६ पैकी ३६ वेल कडेचे असतात, इनक्युबेटरमध्ये ते आधी तापतात, आधी सुकतात, पण चूक नेमकी कोणत्या वेलची हे आकड्यावरून ठरत नाही. प्लेट रीडरमध्ये ठेवायच्या आधी उजेडात धरून बघितली होतीस का, बबल होता का, खालून बोटाचा डाग होता का, तेव्हाच वहीत लिहिलं असेल तर खुशाल काढ. डाग नि ओरखडे ५७० नॅनोमीटरची रीडिंग वजा केली की बरेचसे निघतात, बबलची मात्र खात्री नाही. लिहिलं नसेल तर दोन्ही ठेव आणि सॅम्पल पुन्हा लाव. आमच्याकडे कटऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमेच्या, आसपास ओडी आली की पुन्हा लावल्याशिवाय कुणी सही करायचं नाही, कारण ती कुणाला तरी चढवायची बाटली असायची. तुझा उंदीर असला तरी उद्या त्यावरच कुणीतरी पुढचं काम करणार आहे.

झालं माझं लेक्चर सुरू. रागावू नकोस, तुझ्या सरांनी आधीच पुरेसं ऐकवलंय हे माहितीये मला.

तुला आठवतं का, शाळा सुटली की तू माझ्याकडे यायचीस, त्या उंच स्टुलावर बसून पाय हलवत डबा खायचीस, आणि मी स्टॉप सोल्युशन टाकायला घेतलं की काचेला नाक लावायचीस. निळ्याचं पिवळं व्हायचं तेव्हा प्रत्येक वेळी ओरडायचीस, जसं काही पहिल्यांदाच बघतेयस. जोशीबाई म्हणायच्या ही पोरगी इथेच येणार. तू त्याच्या कितीतरी पुढे गेलीस. मला चार पॅरामीटरचा कर्व्ह कधी स्वतः बसवावा लागला नाही, तू बसवतेस, मी हे सगळ्या बिल्डिंगला सांगून झालंय.

पण मनू, दादाकाकांचं झाल्यापासून रात्री अकरानंतर फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. इनक्युबेशन दोन तासांचं आहे, सकाळी नऊला सुरू केलंस तर दुपारी रीडिंग होतं. रीडरचा स्लॉट सकाळचा मिळत नाही म्हणतेस तर सरांना सांग, नाहीतर लॅबमधलं कुणीतरी सोबत येईल असं बघ, त्या केरळच्या मुलीला विचार. बाकी तू मोठी आहेस.

मावशी रविवारी पुण्याला येतेय, तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी नि थोडे डिंकाचे लाडू देते. पातळ केल्यावर ओडी किती आली ते कळव, आकडे सगळे पाठव, नको वाटणारे पण.

आई