सोहम कोणावर गेलाय?

नेरुळ, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "पोरगा थेट अण्णावर गेलाय, तसाच तापट," आणि आई एकदम गप्प झाली. दादाचा सोहम जूनपासून कॉलेजसाठी ठाण्यात तुमच्याकडे राहणार. आईने न विचारलेला प्रश्न मीच लिहिते: अण्णाकाकांनी जीव दिला, ते रक्तात असतं का?

थोडं असतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून आत्मघाती वर्तनाची आनुवंशिकता साधारण 30 ते 55 टक्के निघते. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आत्महत्येने गेलेल्यांच्या जन्माच्या नात्यांत आत्महत्या जास्त सापडल्या. सांभाळणाऱ्या घरांत तसं दिसलं नाही. पण बाबा, तुमचा जन्म बँकेत गेलाय, टक्केवारी नीट वाचा. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, सोहमच्या धोक्याचा नाही. आजोबांच्या सख्ख्या भावाशी नातवाची जनुकं जुळतात ती सरासरी एक अष्टमांश. आणि 'आत्महत्येचं जनुक' असं काही नसतं. 2003 मध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा बराच गाजावाजा झाला, मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. 2023 च्या अभ्यासात जनुकसंचात आत्महत्येच्या प्रयत्नाशी जोडलेल्या 12 जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. तेव्हा लाळ तपासून भविष्य सांगणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

पिढ्यांतून पुढे येतात ते नैराश्य, बायपोलर (कधी उधाण, कधी नैराश्य) असे आजार आणि स्वभाव. स्वभावाची वाट वेगळी: चटकन भडकायचं आणि विचाराआधी काहीतरी करून बसायचं. आजार बाजूला काढला तरी ही वृत्ती काही घराण्यांत जोखीम पुढे नेते. (नुसतं तापट असणं हा आजार नव्हे, नाहीतर आपल्या अख्ख्या सोसायटीला औषध लागलं असतं.) दुसरा स्वभाव अपमान आणि नकार आत कोंडणाऱ्याचा. तो आदळआपट करत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तुम्ही स्वभावावर नजर ठेवू नका, बदलावर ठेवा. झोप उडाली, जेवण सुटलं, दारू सुरू झाली, आवडती वस्तू कुणाला देऊन टाकली, "मी नसतो तर बरं" असं निघून गेलं, की त्याच दिवशी विचारा: "सोहम, मरावंसं वाटतं का?" असंच, सरळ. विचारल्याने डोक्यात घातलं जात नाही. तो "हो" म्हणाला तर "वेड्यासारखं बोलू नकोस" म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका आणि 14416 लावा. ती सरकारची टेलिमानस सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिवाला धोका वाटला तर थेट 112. प्रादेशिक मनोरुग्णालयही ठाण्यातच आहे. नावाला बिचकू नका. पोलीस केसची भीतीही नको. 2017 च्या कायद्याच्या कलम 115 नुसार प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा नाही.

तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते, तेवढा वेळ काढता आला पाहिजे. म्हणून फ्रीजवरचा तो श्रीखंडाचा डबा हलवा. त्यात तुम्हा दोघांच्या महिनाभराच्या गोळ्या असतात. बाहेर आठवड्यापुरत्या ठेवा, बाकीच्या कपाटात कुलपात, जुन्या उरलेल्या मेडिकलवाल्याला विचारून निकालात काढा. हे सोहमसाठीच असं नाही, कुठल्याही घरात करावं.

डॉक्टरांनी नैराश्याचं औषध दिलं तर गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात. कधीकधी मनाआधी अंगात बळ येतं, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांना सुरुवातीला जास्त जपावं लागतं. तेवढे आठवडे लक्ष ठेवा. बरं वाटलं म्हणून गोळी मध्येच तोडायची नाही.

आता अवघड गोष्ट. अण्णाकाका 'हार्टने गेले' असं आपण इतकी वर्षं सांगतोय. सोहमलाही तेच माहीत आहे. त्याला कधी डॉक्टरांकडे जावं लागलं आणि तो "घरात कुणाला नाही" म्हणाला, तर डॉक्टर अर्ध्या माहितीवर औषध लिहितील. आणि अण्णाकाकांना लिथियम (बायपोलरवरचं औषध) लागू पडलं होतं, हे तर त्यांना कळायलाच हवं: लिथियमचा गुण घराण्यात चालतो असं दिसतं. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी काकूंकडे असेल तर मागून घ्या. सोहमला मात्र आधी त्याच्या बाबांनी सांगावं, तुम्ही परस्पर नको. मी दादाशी बोलते.

शनिवारी येतेय. कपाटाचं कुलूप आणते, आई, तू विकत घेऊ नकोस.

तुमची,
मनू